रेणुकाबाईनं दूध धरलं

आमच्या घरात नवस बोलत नाहीत. गळ्यातलं लिंग तळहातावर घ्यायचं, पूजा करायची आणि कामाला लागायचं. देवाशी देवाणघेवाण करायची नाही, त्यासाठी दुकान उघडलंय, असं माझे वडील गुरुशांतप्पा म्हणायचे. खटकचिंचोळीच्या चौकात आमचं किराणा दुकान आहे. आता गल्ल्यावर मी बसतो. वडिलांकडून मला दोन गोष्टी आल्या, एक हे दुकान आणि दुसरी नवसाची चीड. आणि माझं नशीब असं, की आमच्या समोरच्याच घरात रेणुकाबाई राहते.

रेणुकाबाई म्हणजे माझा शाळासोबती अनिलकुमार याची आई. मी तिला मौशी म्हणतो. घर धनगराचं. सासऱ्याच्या काळी मोठा कळप होता. पुढं गायरानं गेली, माळावर सोयाबीन आलं, आणि कळप विकत विकत दारात चार-पाच मेंढ्या उरल्या. त्यांच्यामागं फिरायचं आणि सुगीला लोकांच्या रानात रोजानं जायचं, यावर मौशीनं दोन लेकरं वाढवली.

तिला देवाकडं काही मागायचं झालं की ती काहीतरी सोडायची. अनिल दहावीला बसला तेव्हा चहातली साखर सोडली. तो पास झाला, तरी साखर परत धरली नाही. त्याची बहीण तुळजा बाळंतपणात अडली तेव्हा वांगं गेलं. अनिल कामासाठी हैदराबादला गेला तेव्हा सुपारी गेली. मी दुकानदार माणूस, मला हे सगळ्यांच्या आधी कळायचं, कारण तिच्या पिशवीतला एकेक जिन्नस कमी होत जायचा.

"मौशी, असंच चाललं तर एक दिवस तू नुसतं मीठ न्यायला येशील," मी म्हणायचो.

"मीठ बी सोडता येतंय की रे," ती म्हणायची आणि हसायची. मला काही हसू यायचं नाही.

पण या सगळ्यांत मोठं होतं ते दूध. ते कसं सुटलं हे सांगायचं तर गुंडूचं सांगावं लागेल.

बिरोबाच्या देवळापुढं एक काळा, गोल, गुळगुळीत धोंडा आहे, त्याला आम्ही गुंडू म्हणतो. माघातल्या जत्रेत तो उचलायचा असतो. आधी मांडीवर घ्यायचा, मग छातीशी, मग खांद्यावर, आणि खांद्यावरून पाठीमागं टाकायचा. मागं पडला तरच उचलला म्हणायचं. धरायला त्याला कुठं कड नाही की खोबण नाही. पहिला हात लावायचा मान मौशीच्या सासरचा. तिचा नवरा निंगप्पा दरवर्षी तो टाकायचा, आणि टाकून झाल्यावर कपाळाचा भंडाराही न पुसता मेंढ्यांमागं जायचा, असं लोक अजून सांगतात.

नव्वदीनंतर हैदराबादेत इमारती उठायला लागल्या आणि आमच्याकडची माणसं गाड्या भरभरून तिकडं जाऊ लागली. निंगप्पाही गेला. सिमेंटच्या धुळीत दोन-तीन वर्षं काढून एका माघात तो जत्रेला आला, कंबर बांधली, गुंडूला हात घातला. गुंडू मांडीपर्यंत आला आणि तिथून निसटून खाली पडला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. निंगप्पानं गाठोडं उचललं आणि त्याच दिवशी परतीची गाडी धरली. नंतर तो गावात आलाच नाही. हैदराबादेत काविळीनं गेला, एवढा निरोप तेवढा आला.

तो गुंडू पडला त्या दिवशी मौशीनं त्याच्यावर हात ठेवून बोलून टाकलं होतं, "आमच्या घरातल्या हातानं ह्यो धोंडा मागं पडत न्हाई तवर दुधाचं काई तोंडाला लावणार न्हाई." दूध नाही, दही नाही, ताक नाही, तूप नाही. धनगराच्या बाईनं हे बोलावं म्हणजे काय ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल. पहाटे मेंढ्या पिळायच्या, लेकरांना प्यायला द्यायचं, उरलेलं विरजायचं, शेजाऱ्याला ताक वाटायचं, आणि आपण भाकरीवर मिरचीचं पाणी घेऊन बसायचं. किती वर्षं? अनिल तेव्हा मराठी शाळेत होता. आता त्याला दाढी आली होती.

दोन हजार नऊच्या दिवाळीला अनिल घरी आला तो वेगळाच माणूस होऊन. हैदराबादेत एका जिममध्ये फरशी पुसायला लागला होता, तिथंच वजनं उचलायला शिकला आणि पुढं लोकांना शिकवायला लागला. दंड असे, की माझी आई भागम्मा त्याच्याकडं बघून कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटली आणि दृष्ट काढायला मीठ-मिरच्या आणायला आत गेली. मौशीच्या घरी दिवाळीचं ताट पुढं आलं तर हा पठ्ठ्या नुसतं मटण आणि काकडी खातोय.

"पॅलिओ हाय," तो म्हणाला. "आदिमानवाचा आहार. शेती सुरू व्हायच्या आधी माणूस जे खायचा तेवढंच. भाकर न्हाई, भात न्हाई, डाळ न्हाई, दूध न्हाई, साखर न्हाई."

जिमचा मालक अमेरिकेत राहून आलेला, त्यानं सगळ्या पोरांना हे लावलं होतं. तूर आणि ज्वारीवर जगणाऱ्या गावात येऊन हा माणूस डाळ-भाकर सोडा म्हणतोय. मी म्हटलं, "बाबा, दुष्काळात आमच्या गावानं हा आहार पुष्कळ वेळा पाळलाय. फक्त त्याला नाव काय द्यायचं ते माहीत नव्हतं."

मौशीला मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. "कोनत्या देवाला बोललास?" तिनं विचारलं. अनिलनं कपाळावर हात मारला.

पण तो आला होता ते दिवाळीसाठी नाही. रजा काढून आला होता. माघात गुंडू टाकायचा, मायचा दुधाचा नवस सोडवायचा आणि मग नोकरीवर परत जायचं, हे त्यानं मनात पक्कं केलं होतं. मला दुकानात येऊन म्हणाला, "अरुण, जिममधी याच्यापेक्षा जड लोखंड उचलतो मी." भाऊबीज झाली आणि आम्ही दोघं देवळापुढं गेलो. पुजारी भीमण्णा पायरीवर बसला होता. अनिलनं गुंडूला मिठी घातली. मांडीवर आला. छातीकडं घेताना तो हातांतून सरकायला लागला आणि अनिलनं तो हळूच खाली ठेवला. लोखंडाला मूठ असते. गुंडूला आपलं अंग द्यावं लागतं, पोटाची, छातीची गादी करून त्याला वर सरकवावं लागतं, आणि अनिलच्या अंगावर शिरा सोडून काही उरलंच नव्हतं.

"सुकून गेलायस रे," भीमण्णा म्हणाला.

दुकानात येऊन अनिलनं मालकाला फोन लावला. मालक माणूस हट्टी नव्हता. बारीक व्हायला कडक पॅलिओ ठीक, पण एवढं जड उचलायचं असेल तर थोडं दूध-दही-तूप परत सुरू कर, पोटाला सोसतंय का बघ आणि वाढव, असं त्यानं सांगितलं. अनिलचा चेहरा उजळला. दूध काय, दारातच होतं. मला वाटलं, झालं काम.

तिथंच सगळं अडलं.

निंगप्पाच्या घरातली रीत अशी, की गुंडूची तयारी सुरू करणारा जे दूध पितो त्यातला पहिला घोट त्याच्या आईनं घ्यायचा. आईनं प्यायचं, मग तांब्या लेकाच्या हाती द्यायचा. रोज, जत्रेपर्यंत. याला मायच्या तोंडचं दूध म्हणतात. निंगप्पाला त्याच्या आईनं दिलं होतं. मौशीनं गुंडूवर हात ठेवला तेव्हा ती नुसती बायको होती, घोट घ्यायला सासू घरात होती. एक दिवस सासू नसेल, लेक धोंड्यापुढं उभा राहील आणि तांब्या आपल्या हातात येईल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तिनं आपल्याच हातानं दोन कड्या एकमेकींत अडकवून ठेवल्या होत्या. गुंडू पडत नाही तवर ती दूध पिणार नाही, आणि ती दूध पीत नाही तवर लेकानं गुंडूसाठी दूध प्यायचं नाही.

मी ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. "मौशी, फ्रिजमधून पिशवी काढून देतो. इथंच पिऊ दे त्याला. कुणाचा घोट नको न् काही नको."

"त्याच्या बापानं तसंच केलतं," ती म्हणाली. "हैदराबादला हॉटेलातलं दूध पिऊन आलता. काय झालं बघितलंस न्हवं?"

"त्याला दूध नव्हे, उपासमार नडली, मौशी."

"व्हय," ती म्हणाली. "ते बी खरं असंल." आणि जागची हलली नाही. तिच्याशी भांडण्यात हीच अडचण होती. ती आपलं म्हणणं खोडून काढत नसे, कबूल करून बाजूला ठेवत असे.

अनिल म्हणाला, "माय, मग मी बी तसाच उचलतो, दुधाबिगर." ती त्याच्याकडं बघत राहिली. मायच्या तोंडचं दूध नसताना गुंडू निंगप्पाच्या हातून कसा निसटला ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तसंच लेकाचं व्हावं आणि तोही गाठोडं उचलून जावा, हे तिला परवडणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भीमण्णाकडं गेली. अनिल आणि मी मागोमाग गेलो. बोललेलं बदलता येतंय का, असं तिनं विचारलं. भीमण्णा सुपारी कातरत होता.

"द्येव काय आपल्या अरुणकुमारचं दुकान हाय व्हय, माल परत करायला," तो म्हणाला. मला राग आला. "दूध उचलायचं तर त्याच्या जागी त्याच्याहून जड ठिवावं लागंल. तुज्याकडं दुधाहून जड काय हाय, रेणुका? साखर गेली, वांगं गेलं."

मौशीनं विचार करायलासुद्धा वेळ घेतला नाही. "भाकर हाय की," ती म्हणाली.

भीमण्णाच्या हातातला अडकित्ता थांबला. मला वाटतं त्यालाही हे अपेक्षित नव्हतं, फार तर ती चहा सोडते म्हणेल, असं त्यानं धरलं असेल. रोजानं जाणारी बाई. सकाळी भाकर, दुपारी रानात भाकर, सांजेला भाकर. तिच्या जेवणात भाकरीशिवाय होतं काय? मी तिथून उठून आलो. असल्या देवापुढं बसायची माझी इच्छा नव्हती, आणि तिच्यापुढं बसायची माझी लायकी नव्हती.

पण पहिला घोट मी पाहिला. माझी आई मला ओढत घेऊन गेली. पहाटे मौशीनं मेंढी पिळली, तांब्या दोन्ही हातांनी धरला, देवळाच्या दिशेनं तोंड केलं आणि ओठाला लावला. मेंढीचं दूध दाट असतं. इतक्या वर्षांनी ते तिच्या जिभेवर आलं. तिनं ते लगेच गिळलं नाही. डोळे मिटून तशीच उभी राहिली, गालात दूध धरून. मला वाटलं, आता रडणार. ती रडली नाही. गिळलं, पदरानं ओठ पुसले आणि तांब्या अनिलपुढं केला. "घे. गोड हाय," एवढंच म्हणाली.

आता दूध तिला मोकळं होतं. वाडगाभर प्यायली असती तरी कुणी अडवलं नसतं. पण ती रोज तेवढा एकच घोट घ्यायची आणि बाकीचं लेकाला द्यायची.

त्या घरात मग गमतीचं राज्य सुरू झालं. लेक आदिमानव म्हणून भाकर खात नाही, आई देवापायी भाकर खात नाही, आणि कणगीत ज्वारी भरलेली. मौशी रताळी उकडायची, शेंगा भाजायची, भोपळा शिजवायची, चुका-अंबाडी नुसतीच खायची, कधी अंडं, आठवडी बाजारादिवशी थोडं मटण. "मायनं माझ्यापेक्षा कडक पॅलिओ धरलाय," अनिल म्हणायचा, पण ते म्हणताना त्याचा आवाज बारीक व्हायचा.

त्याचं अंग मात्र पालटायला लागलं. आधी थोडं दूध, मग दही, मग लोण्याचा गोळा. पहिले काही दिवस पोट बिघडलं, मग बसलं. माझ्या दुकानातली तुरीची पोती तो खांद्यावर घेऊन चौकातून विहिरीपर्यंत जायचा आणि परत यायचा, माझा हमाल नुसता बसून असायचा. छातीवर, पाठीवर मांस भरलं. पौष सरत आला तेव्हा गुंडू त्याच्या छातीला चिकटून वर यायला लागला.

आणि तिकडं मौशी वाळत चालली. रानात हुरड्याचे दिवस आले. शेतकऱ्यांनी आगट्या पेटवल्या आणि कणसं भाजायला तिलाच बोलावलं, कारण तिच्यासारखा हुरडा कुणाला चोळता येत नाही. मी एकदा गेलो होतो. गरम कणीस तळहातावर घेऊन ती चोळायची, फुंकर घालून दाणे स्वच्छ करायची आणि लोकांच्या पुढ्यात टाकायची. हिरव्या दाण्यांचा वास सगळ्या रानात भरला होता. ज्वारी म्हणजे भाकरच असं तिचं, त्यामुळं तिच्या हातून एक दाणाही तोंडाकडं गेला नाही. मला मात्र खायला होईना. देव आहे की नाही हे मला तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही. पण माणसात एवढं बळ कुठून येतं, हा प्रश्न त्या दिवशी मला पडला. मी तिची चेष्टा करायचं सोडलं. म्हणजे बघा, मीही काहीतरी सोडलंच.

जत्रेदिवशी देवळापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. ढोल वाजत होते, भंडारा उधळला जात होता. बायका डाव्या बाजूच्या ओट्यावर होत्या, तिथं मौशी माझ्या आईच्या शेजारी उभी होती. तुळजाही सासरहून आली होती. अनिलनं धोतर खोचलं, हाताला माती लावली आणि वाकला.

गुंडू मांडीवर आला. ढोल थांबले. त्यानं पोटाची गादी केली, धोंडा छातीवर सरकवला, तिथं दोन श्वास घेतले. मग मान तिरकी केली आणि एका दमात गुंडू उजव्या खांद्यावर गेला. लोकांचा गलका उठला. आता नुसतं मागं टाकायचं. हात सोडला की झालं.

अनिलनं हात सोडला नाही. धोंडा खांद्यावर तसाच धरून तो सावकाश वळला, पाऊल पाऊल टाकत, बायकांच्या ओट्याकडं तोंड करून उभा राहिला.

"माय," तो म्हणाला.

गलका बसला. "टाक की रे," मौशी म्हणाली.

"टाकतो. आधी बोल. ह्याच्यानंतर काई सोडणार न्हाईस."

"असं द्येवापुढं बोलू नये, लेकरा. टाक."

"मला माहीत हाय तुझं. गुंडू पडला की भाकर धरशील आन् माझ्या लग्नासाठी दुसरं काई सोडशील. मग माझ्या लेकरासाठी. बोल आधी."

त्याच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या होत्या. भीमण्णा पुढं सरकला आणि तिथंच थांबला. हे कुठल्याच रिवाजात नव्हतं. मौशीचे ओठ हलले आणि थांबले. भाकर सोडताना तिला क्षणही लागला नव्हता, आणि आता एवढं बोलणं तिला जड जात होतं. अनिलच्या गळ्याच्या शिरा फुगल्या, घाम डोळ्यांत उतरला, धोंडा बोटभर घसरला आणि त्यानं तो परत वर घेतला. तुळजानं तोंडावर पदर घेतला. मला वाटलं, हा पडणार. त्याच्या बापासारखा सगळ्या गावापुढं पडणार, तेही खांद्यावर आलेला घेऊन.

"न्हाई सोडणार," मौशी म्हणाली.

"मोठ्यानं, माय. त्याला ऐकू जाऊ दे."

"काईबी सोडणार न्हाई," ती ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिचा तेवढा आवाज ऐकला.

अनिलनं हात सोडला. गुंडू मागं पडला, पायाखालची जमीन हादरली. ढोल सुटले, लोक त्याच्यावर तुटून पडले, कुणी त्याला उचललं, कुणी भंडाऱ्यानं पिवळा केला. मी त्या गर्दीत गेलो नाही. मी ओट्याकडं गेलो.

माझ्या आईनं फडक्यात भाकर बांधून आणली होती आणि किटलीत दूध. वाडग्यात तिनं भाकर कुस्करली, वर दूध ओतलं आणि मौशीपुढं केलं. मौशी खाली बसली. वाडगा हातात घेतला, पण बोटं बुडवेना. रडत होती. मी इतक्या वर्षांत तिला रडताना पाहिलं नव्हतं.

"भागम्माक्का," ती म्हणाली, "आता पोराला काई झालं तर मी द्येवाला काय दिऊ?"

तिच्याकडं दुसरं काही नव्हतंच कधी. आपल्या तोंडचा घास, तेवढाच तिचा माल, आणि तोच ती आयुष्यभर लेकरांच्या नावानं मोजत आली होती. नवसाच्या विरुद्ध इतकी वर्षं वाद घालणारा मी शेजारीच उभा होतो.

माझी आई तिच्याजवळ बसली. वाडग्यातला दुधात भिजलेला तुकडा तिनं स्वतःच उचलला आणि मौशीच्या तोंडाशी नेला.

"आधी खा, अक्का," आई म्हणाली.

मौशीनं तोंड उघडलं.